लिफ्टरचे हात

व्हॉलीबॉलच्या फायनलला मी नेब्रास्काच्या लोकांत जाऊन बसले ती निव्वळ फुकट तिकिटापायी. ऑफिसातला एक सहकारी मूळचा नेब्रास्कातल्या लिंकनचा. ऐनवेळी त्याच्या बायकोला ताप भरला आणि तिची खुर्ची मला मिळाली. हा गृहस्थ एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. त्या संध्याकाळी डोक्यावर फोमचं भलंमोठं मक्याचं कणीस चढवून आला. नेब्रास्काच्या संघाला कॉर्नहस्कर्स म्हणतात, म्हणजे कणसं सोलणारे. असली कणसं आमच्या रांगेत आणखी चार होती, त्यामुळे मॅच मान वाकडी करून बघावी लागली.

18 डिसेंबर 2021. अमेरिकन कॉलेज मुलींच्या व्हॉलीबॉलची फायनल, विस्कॉन्सिन विरुद्ध नेब्रास्का, आणि तीही आमच्या ओहायोतल्या कोलंबसमध्ये, एरवी आइस हॉकी चालते त्या नेशनवाइड अरीनात. प्रेक्षक 18,755. तोपर्यंत या स्पर्धेच्या फायनलला एवढी माणसं कधी आली नव्हती. दोन्ही संघ एकाच कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या एकाच गटातले, बिग टेन. (नाव दहाचं, तेव्हा संघ चौदा. पुढे अठरा झाले, नाव तेच.) म्हणजे ही भाऊबंदकीच. त्यातून दोघांचा रंग लाल-पांढरा, त्यामुळे सगळा अरीना लाल आणि ओरडतंय कोण, कुणासाठी, काही कळेना. नेब्रास्काचे तेव्हाचे कोच जॉन कुक आधी विस्कॉन्सिनचेच कोच होते. मग 2000 साली नेब्रास्काचे मुख्य कोच झाले आणि पहिल्याच वर्षी फायनलला जुन्या घरालाच पाच सेटमध्ये हरवलं. एकवीस वर्षांनी पुन्हा तीच जोडी.

लोक उंच मुली बघायला आले होते. विस्कॉन्सिनची डॅना रेट्की 6 फूट 8 इंच, ॲना स्म्रेक 6 फूट 9. नेट तेवढंच, 2 मीटर 24 सेंटिमीटर, माझ्या वेळीही तेवढंच होतं. फरक इतकाच की मी उडी मारून बोटं नेटच्या वर काढायचे आणि या पोरी जमिनीवर उभ्या राहून काढतात.

मी मात्र पूर्ण वेळ सिडनी हिलीचे हात बघत होते. ती विस्कॉन्सिनची सेटर. आपल्याकडे लिफ्टर, म्हणजे मारणारीला बॉल वर उचलून देणारी. मी कॉलेजात तीन वर्षं लिफ्टर होते. मातीचं ग्राउंड, फक्कीच्या रेषा, आणि आमचे सर दुपारभर भिंतीशी उभं करायचे. बोटं कपाळावर, अंगठे भुवयांपाशी, बॉल यायचा तो बोटांच्या पेरांवर. तळहाताला लागला की आवाज होतो, "थप्प". त्यांना तो आवाज दुरून ऐकू जायचा. "बॉल सुटल्यावर कंपनीचं नाव वाचता आलं पाहिजे," म्हणायचे. म्हणजे बॉल फिरता कामा नये. फिरला की अंपायरला वाटतं दोन्ही हात मागेपुढे लागले, आणि मग दोन बोटं वर. डबल, म्हणजे फाउल.

हिलीचा बॉल फिरत नव्हता. वाईट पास आला, ती तीन मीटर रेषेच्या मागे धावली, पाय अजून वळायचे होते आणि बोटांतून बॉल निघाला तो पाठीमागे. आणि तिथे तिच्या पाठीमागून एका पायावर झेप घेत रेट्की पोचलेलीच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. "वा!" माझ्या तोंडून गेलं. शेजारच्या कणसाने वळून पाहिलं. मी मास्क नीट केला.

पहिला सेट नेब्रास्काने 25-22 घेतला. दुसरा मी जन्मात विसरणार नाही. 24-24 नंतर आणखी बारा रॅली. नेब्रास्काची लिबरो, म्हणजे मागे फक्त बचाव करणारी, लेक्सी रॉड्रिगेझ, पहिल्या वर्षाची पोर, जमिनीला टेकणारे बॉल हाताने उचलत होती आणि प्रत्येक वेळी आमची रांग उभी. शेवटी 31-29, विस्कॉन्सिन. सहकाऱ्याने कणीस काढून मांडीवर ठेवलं. तिसरा 25-23 विस्कॉन्सिनचा, चौथा 25-23 नेब्रास्काचा. कणीस परत डोक्यावर.

पाचव्या सेटला माझे हात गार पडले, आणि ते थंडीने नव्हे. आमच्या वेळी सर्व्हिस आपली असेल तरच गुण, पण निर्णायक सेटला प्रत्येक बॉलला गुण मिळायचा. झोनल फायनल, आम्ही 13-14 ने मागे. पास माझ्या डाव्या खांद्यावर आला. मी वळले, बोटं लावली, बॉल सुटला, कॅप्टन उडालीसुद्धा. तिने मारलेला बॉल पलीकडे मातीत पडला, आमच्या पोरी नाचायला लागल्या. शिट्टी आधीच झाली होती. दोन बोटं. मला आजही वाटतं तो बॉल फिरला नव्हता. पण ढाल त्यांनी नेली आणि परतीच्या एसटीत माझ्याशी कुणी बोललं नाही. कुणाचा राग नव्हता, काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

तर इथे 15-12. शेवटचा बॉल रेट्कीने मारला. विस्कॉन्सिनचं हे पहिलंच विजेतेपद. स्म्रेकला फायनल फोरची, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीची, सर्वोत्तम खेळाडू निवडलं, हिलीला नाही. लिफ्टरला कोण निवडतो. गाडीत बसून मी पाचही सेटची बेरीज केली: विस्कॉन्सिन 116, नेब्रास्का 114. सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, आज नको.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे लेक हायस्कूलच्या संघात लिफ्टर झाली आहे. परवा तिने आपणहून सांगितलं की कॉलेजच्या मुलींना 2024 पासून डबलचा फाउल नाही. दुसऱ्या स्पर्शाला बॉल हातात दोनदा लागला तरी चालतो, फक्त पुढचा स्पर्श आपल्याच मुलीचा हवा, बॉल थेट पलीकडे जाता कामा नये. मी तिला दोनदा विचारलं. मग स्वतः वाचलं. मग ते कॅप्टनला पाठवलं, ती सांगलीत असते, तिकडे पहाटेचे साडेपाच.

लगेच फोन.

"मग ढाल परत मागायची का गं?"

ती ढाल कुठल्या कॉलेजच्या कपाटात आहे, ते आम्हा दोघींना पाठ आहे.