एकादशी, दुप्पट खाशी आणि माझं तोंड

परवा आमच्या चर्चच्या तरुण संघात जोरदार वाद झाला, सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगताना टोमणे चालतात का यावर. एक पोरगा म्हणाला, बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने नाही का बआल नावाच्या देवाच्या संदेष्ट्यांची उडवली, मग आपणच का मऊ बोलायचं. सगळे हसले, कारण ती गोष्ट आहेच भारी. कर्मेल डोंगर, ४५० जण सकाळपासून नाचतायत, ओरडतायत आणि दुपारी हा एकटा माणूस म्हणतो, अजून मोठ्याने ओरडा की, तुमचा देव विचारात असेल, गावाला गेला असेल, नाहीतर झोपला असेल, उठवा त्याला. मीही हसलो. आणि मग मला माझी हॉस्टेलची खोली आठवली.

पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, सेकंड इयर. माझा रूममेट एकादशी धरायचा आणि स्वतःच म्हणायचा, एकादशी दुप्पट खाशी, साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, वर केळी, आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. त्याच्याकडे माझा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, होता. मी दिला नव्हता, त्यानेच मागून घेतला होता, रात्री थोडा थोडा वाचायचा, मधेच काहीतरी विचारायचा, मला उत्तर यायचंच असं नाही. एक दिवस मेसमध्ये चार पोरांसमोर मी त्याचीच म्हण त्याला ऐकवली, आणि पुढे जोडलं की तुमच्या देवाला फसवणं बरं सोपं आहे रे. पोरं हसली. तो पण हसला, थोडंसं. रात्री आलो तर नवा करार माझ्या टेबलवर, नीट ठेवलेला. भांडण नाही, काही नाही. फक्त त्यानंतर त्याने कधी काही विचारलं नाही.

म्हण तीच होती हो. त्याच्या तोंडात ती घरातली गंमत होती, माझ्या तोंडात ती दगड झाली.

एलियाचं पण मला आता तसंच दिसतं. तो कोणा परक्या गावात जाऊन लोकांच्या देवाची टिंगल करत नव्हता, स्वतःच्या इस्राएलच्या लोकांसमोर उभा होता, राजा त्याच्या विरोधात, जीव धोक्यात. येशूचे सगळ्यात धारदार टोमणे कोणाला? आपल्याच धर्मपुढाऱ्यांना. चिलट गाळून काढता आणि उंट गिळता. आणि ते कुसळ आणि मुसळ, तेवढं मोठं लाकूड डोळ्यात घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस डोळ्यासमोर आणा, हसू येतंच. ते ऐकणाऱ्याने स्वतःला हसावं म्हणून सांगितलंय. शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानायचे त्यांच्यातली, बाई विहिरीवर भेटली तेव्हा तिच्या उपासनेच्या डोंगरावरून, तिच्या उपासनेवरून येशूने तिची चेष्टा केली नाही, आधी पाणी मागितलं.

उलट नथनेल बघा. फिलिप्प या शिष्याने त्याला येशूबद्दल सांगितलं, तर म्हणतो, येशूच्या त्या नासरेथ गावातून काही चांगलं निघतं का, हा शुद्ध टोमणा, आणि फिलिप्प चिडला नाही, वाद नाही घातला, म्हणाला ये आणि बघ. येशू तर नथनेलबद्दल म्हणाला, याच्यात कपट नाही. म्हणजे समोरच्याने आपली उडवली तर उडवू द्यावी, त्याला तेवढी सूट. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाचंही तेच, अथेन्समध्ये मूर्ती बघून आतून तळमळला, पण बोलताना त्यांच्याच कवींचा आधार घेतला, हसले ते त्याला, तो त्यांना नाही.

आपल्याकडे हे कोणाला जमलं विचाराल तर मी लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घेईन. त्यांचे पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्या स्वतःच्या मनाशी झगडत होत्या, आणि ते सगळं त्या 'स्मृतिचित्रे'त सांगतात तेव्हा हसतात कोणाला, तर स्वतःच्या सोवळ्याला, स्वतःच्या नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाला. जो धर्म सोडला त्याच्या लोकांना घालून पाडून बोलत नाहीत. म्हणून तर आजही ख्रिस्ती नसलेली माणसं ते पुस्तक प्रेमाने वाचतात. (आमच्या संघातल्या निम्म्या पोरांनी ते वाचलेलं नाही, हा वेगळा विषय.)

आणि आमच्यावर हसायला काय कमी आहे का. साडेआठची उपासना नऊला सुरू होते, दान द्यायची वेळ आली की सगळे खिशात सुट्टे शोधतात, आणि शेवटची प्रार्थना लांबली की अर्ध्या मंडळीचं अर्धं मन घरच्या मटणाच्या रश्श्यात. माझी नगरची आजी शेजारच्या काकूंना सांगायची, प्रार्थनेला बसले की डोळा लागतो बघ, देव म्हणत असेल आली म्हातारी झोपायला. काकू खो खो हसायच्या. आणि मग जाता जाता म्हणायच्या, आमच्या पोराच्या परीक्षेचं पण सांग हो तुझ्या देवाला, झोप लागायच्या आधी. आजीने उभ्या जन्मात कोणाला पत्रक वाटलं नाही.

रूममेटला मागच्या वर्षी फोन केला, खूप वर्षांनी. मेसमधल्या त्या दिवसाबद्दल सॉरी म्हणालो. तो म्हणाला, अरे मला आठवतही नाही. आठवत असणार. तो नवा करार अजून माझ्याकडे आहे, त्यात त्याने खूण म्हणून घातलेलं पीएमटीचं, पुण्यातल्या तेव्हाच्या सिटी बसचं, तिकीट पण आहे, मार्कच्या आठव्या अध्यायात.