गाडीत रेडिओ बसवताना: माझा अनुभव

हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर बिनतारी संपर्क करण्याचा, परवाना हाती आला आणि गाडीत सेट बसवायचं ठरलं, तेव्हा घरून पहिला प्रश्न खर्चाचा आला नाही. "अहो, मागे मुलं बसतात. त्यांच्या डोक्याला काही होणार नाही ना?" प्रश्न रास्त होता. "काही होत नाही गं" म्हणून तो उडवून लावणं मला पटेना. सेट खोक्यातच ठेवला आणि आधी हिशेबाला बसलो.

रेडिओ लहरी क्ष-किरणांसारख्या शरीरातले रेणू फोडत नाहीत. तीव्रता वाढली की त्या शरीर तापवतात, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा मुख्यतः त्यावरच आखलेल्या आहेत. साधारण 30 ते 300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात माणसाचं शरीर ही ऊर्जा जास्त शोषतं, म्हणून मर्यादा इथे सर्वांत कडक. आम्ही वापरतो तो दोन मीटर नावाचा बँड (लहरींचा पट्टा), 144 ते 146 मेगाहर्ट्झ, नेमका यातच येतो. अशा लहरींच्या मर्यादा सुचवणाऱ्या आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेची मर्यादा सामान्य माणसासाठी दर चौरस मीटरला 2 वॅट आहे आणि कामाची माहिती असलेल्या प्रशिक्षित माणसासाठी 10 वॅट.

या पाचपट फरकापाशी मी बराच वेळ थांबलो. गाडीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला मी बोलण्याचं बटण कधी दाबतो हे माहीत नसतं. तो लहान मूल असेल, आजारी असेल, गरोदर बाई असेल. बाजूला कधी व्हायचं हे त्याला कळणार कसं? ते बघणं माझंच काम.

शक्ती 25 वॅट, निम्मा वेळ बोलणं आणि निम्मा वेळ ऐकणं, अँटेनाचा गेन (लहरी एका बाजूला किती एकवटतो त्याचं माप) 2.15 डीबीआय असं धरलं. सामान्य माणसासाठी अँटेनापासूनचं सुरक्षित अंतर निघालं साधारण 90 सेंटीमीटर. 5 वॅटला तेच 40 वर येतं. अँटेनाच्या अगदी जवळ हे सूत्र ढोबळच, म्हणून मी पुरा मीटरभर धरून चालतो.

बसवायला नाना पेठेत गेलो. कारागीर म्हणाला, "साहेब, डिकीच्या कडेला क्लॅम्प मारू, पटकन होईल." मी नको म्हटलं. तिथे अँटेना मागच्या काचेबाहेर, मुलांच्या डोक्याच्या पातळीवर येतो. छताच्या मधोमध बसवला की खालचा पत्रा अँटेनाला जमीन (नीट चालायला लागणारा धातूचा आधार) पुरवतो आणि आत बसलेल्यांना आडही करतो. छताला भोक पाडायला त्याचा जीव होईना, म्हणून चुंबकी बैठक घेतली. वायर थेट बॅटरीवरून फ्यूज घालून ओढली, सेट एअरबॅगच्या वाटेत येणार नाही असा लावला. मित्राचं मीटर आणून एसडब्ल्यूआर, म्हणजे सेटची शक्ती अँटेनाकडून किती परत फिरते त्याचं माप, तपासला, तो ठीक निघाला.

खरी कसोटी वारीत लागली. पालखी दिवे घाट चढत असताना आमचे काही हॅम मित्र मदतीला थांबतात. घाटात सिग्नल अडतो, त्यामुळे शक्ती वाढवायचा मोह होतो. पण वारकरी दमले की गाडीलाच टेकतात, बोनेटवर तुळस ठेवतात, पोरं चाकाशी बसतात. तिथे मीटरभर मोकळी जागा मिळणं अशक्य. गाडी उभी असली की सेट 5 वॅटवर, बोलणं मोजकं, आणि कोणी अगदी चिकटून असेल तर माइक खाली. निरोप लांबचा असेल तर गाडी गर्दीबाहेर, उंचावर नेतो. जागा बदलल्याने जो फरक पडतो तो वॅट वाढवून पडत नाही, हे त्या घाटात मी ऐकून घेतलंय.

वाघोलीकडे दगडखाणींजवळून जाताना सुरुंगाची पाटी दिसली की सेट बंद करतो. विजेवर उडणारे डिटोनेटर जवळच्या प्रक्षेपणाने पेटण्याचा धोका असतो. काकांना पेसमेकर आहे. हातातला वॉकीटॉकी अशा माणसापासून दूर ठेवा असं सांगतात, पण काका गाडीत असले की मी प्रक्षेपणच करत नाही.

आमच्यातल्या एकाची जीप कापडी हुडाची आहे. वर पत्रा नाही, म्हणजे आड नाही आणि अँटेनाला जमीनही नाही. छतावर पत्र्याची पट्टी बसेपर्यंत त्याने अँटेना बोनेटजवळ ठेवून 5 वॅटवरच बोलायचं, असं आम्ही त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.