ताई, तुमचं ताट वेगळं असतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला गेली सात-आठ वर्षं विचारला जातोय. सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत, एसटीत, एकदा तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वाण घेता घेता. मला हिपॅटायटिस बी, म्हणजे विषाणूनं होणारा लिव्हरचा आजार, आहे हे मी लपवत नाही. म्हणून बायका जवळ सरकतात आणि हळूच म्हणतात, "ताई, घरात तुमचं ताट वेगळं असतं का हो?" पुष्कळदा आवाजावरूनच कळतं, ती तिच्या लेकीच्या किंवा सुनेच्या ताटाबद्दल विचारतेय. त्यामुळे मी दोन शब्दांत उत्तर देत नाही.

होतं. सव्वा वर्ष माझं ताट वेगळं होतं. माहेरहून रुखवतात आलेलं स्टीलचं ताट, काठावर वडिलांचं नाव घातलेलं. सासूबाईंनी त्याच्या पाठीला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, घासताना इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून. त्या वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या. घरात येऊ घातलेलं बाळ त्यांचं पहिलं नातवंड होतं.

मला कळलं ते 2016 साली, सहाव्या महिन्यात, बाळंतपणाआधीच्या साध्या रक्ततपासणीत. मला कधी कावीळ झाली नव्हती. डोळे पांढरेस्वच्छ, भूक चांगली. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथे माझ्या फाईलवर लाल पेनानं मोठ्या अक्षरांत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह', म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे, असं लिहिलं आणि ती फाईल सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली. बाहेर बाकावर बसलेल्या बाईनं ती वाचली आणि आपली पिशवी उचलून पलीकडे जाऊन बसली. डॉक्टर मला काय म्हणाले त्यातलं त्या दिवशीचं काहीच आठवत नाही. ती पिशवी उचललेली आठवते.

नंतर धुळ्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाऊण तास दिला. त्यांचं पहिलं वाक्य असं होतं की कावीळ हे लक्षण आहे, एकच एक रोग नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गावात जी साथ येते ती बहुतेक हिपॅटायटिस ए किंवा ई असते, खराब पाण्यातून आणि अन्नातून येते. 'बी' रक्तातून येतो. बाळंतपणात आईकडून बाळाला, शरीरसंबंधातून, एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर, वस्तऱ्यातून, यात्रेत एकाच सुईनं गोंदणाऱ्याकडून. एका ताटात जेवल्यानं, एका तांब्यातलं पाणी प्यायल्यानं, खोकल्यानं, गळ्यात पडल्यानं तो येत नाही. ह्यांनी दोनदा विचारून घेतलं, आणि डॉक्टरांनी दोन्ही वेळा न चिडता सांगितलं.

मग त्यांनी माझ्या आईला, भावाला आणि बहिणीला तपासायला सांगितलं. कारण मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी लोकांत हा विषाणू कायमचा राहतो. जन्मतःच झाली तर शंभरातल्या नव्वद जणांत राहतो. म्हणजे माझ्यात तो बहुधा मी जन्मले त्या दिवसापासून होता. माझा जन्म 1990 चा. लस तेव्हा जगात होती. पण आपल्या सरकारी लसीकरणात ती देशभर पोचली 2011 मध्ये.

आई पारोळ्याकडच्या खेड्यातली. आयुष्यभर शेतात राबलेली, दवाखाना म्हणजे सुई-सलाईन एवढंच माहीत. तपासणीला जाताना तिनं नवं लुगडं नेसलं होतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. भावाचाही आला. बहीण निगेटिव्ह. आईनं आपल्या रिपोर्टबद्दल एक शब्द विचारला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले काय व्हयनं, माय?" आणि नंतर घरी, चुलीपाशी, तिला उमगलं की हे माझ्याकडे तिच्याकडून आलं. दोन दिवस ती जेवली नाही. मी जवळ बसले तर बाजूला सरकायला लागली. मी तिचा हात धरून ठेवला. ती एवढंच म्हणाली, "तू मन्ही आंडेर शे." आंडेर म्हणजे लेक.

तिला तरी कोणी सांगितलं होतं? तिच्या आईकडून तिला आलं की गावात घरोघर फिरून एकाच सिरिंजनं इंजेक्शन देणाऱ्या कुणाकडून, हे आता कधीच कळणार नाही. 2009 साली आपल्या शेजारच्या गुजरातेत, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात, वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे या विषाणूची साथ आली आणि कितीतरी माणसं गेली. आपल्या भागात आजही अंग दुखलं की माणूस म्हणतो, "सुई मारा डॉक्टर." मारू द्या, पण पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा.

माझ्या रक्तातला विषाणूंचा आकडा खूप मोठा होता. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत मला विषाणू दाबून ठेवणारी टेनोफोव्हिरची गोळी सुरू केली, बाळाला धोका कमी व्हावा म्हणून. आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: जन्मानंतर बाळाला एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, बारा तासांच्या आत. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं, विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं. ती महाग असतात, सगळीकडे मिळत नाहीत आणि थंड ठेवावी लागतात.

मुलगा तीन आठवडे आधी आला, जानेवारीतल्या रात्री पावणेबाराला. इंजेक्शन अमळनेरला नव्हतं. हे मोटरसायकल काढून धुळ्याला निघाले. आपल्याकडची जानेवारीतली थंडी तुम्हाला माहीत आहे. सोबत घरातला चहाचा थर्मास होता. मेडिकलवाल्याला आधी सांगून ठेवलं होतं, त्यानं घरून येऊन शटर उघडलं, थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या घातल्या आणि कुपी कापडात गुंडाळून दिली. पहाटे चारच्या सुमारास हे परत आले तेव्हा बोटं वाकत नव्हती, थर्मासचं झाकण नर्सनं उघडलं. बाळ दोन्ही वेळा रडलं. ते रडणं ऐकून मला जो धीर आला तो शब्दांत सांगता यायचा नाही.

दूध पाजायचं का, हा पुढचा वाद. डॉक्टर म्हणाले, खुशाल पाजा, लस आणि इंजेक्शन दोन्ही दिलंय. सासूबाई गप्प राहिल्या. ताटाचा ठिपका तसाच होता.

आता यात माझीही एक चूक आहे, तीही सांगते. बाळ चार महिन्यांचं असताना सासरचे एक वडीलधारे मला कावीळ उतरवून घ्यायला घेऊन गेले. मी गेले. नाही म्हणायचं बळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, कोण जाणे, उतरलीच तर. कावीळ उतरवणाऱ्यानं डोक्यावर काड्यांची बारीक माळ ठेवली. ती लांबत लांबत गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली, असं म्हणतात. ती खरंच लांबते. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून लांबते, हे मला नंतर समजलं. पाण्यातून आलेली कावीळ काही आठवड्यांत बहुतेकांची आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला मिळतं. 'बी' रक्तात ठाण मांडून बसलेला असेल तर माळेला तो दिसतही नाही. त्या उतरवणाऱ्यानं मला इंग्रजी गोळी बंद करायला सांगितलं आणि मी ती बंद केली.

अडीच महिन्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझे डोळे पिवळे झाले. लघवी चहासारखी. उलट्या. ही गोळी एकदम थांबवली तर दबलेला विषाणू उसळतो आणि लिव्हर सुजतं. मी वाचले, सगळे वाचत नाहीत. म्हणून कुणी मला "गोळी किती दिवस घ्यायची?" विचारलं की मी हात जोडून सांगते, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत. माझी आता रोज रात्री नऊला असते, गेल्या कित्येक तपासण्यांत विषाणू सापडलेला नाही. तो गेलेला नाही, झोपवून ठेवलाय. आईला गोळीची गरजच पडली नाही, ती नुसत्या सहामाही तपासण्यांवर आहे. प्रत्येकाचं वेगळं असतं, शेजारणीची गोळी मागून घेऊ नका.

मुलाचं वर्ष उलटलं तेव्हा त्याचं रक्त तपासलं. विषाणू निगेटिव्ह. आणि प्रतिपिंडांचा आकडा दहाच्या वर असला की संरक्षण आलं असं धरतात, त्याचा कितीतरी वर होता. मी रिपोर्ट वाचून दाखवला. सासूबाईंनी विचारलं, "वर्षभर तुझं दूध प्याला तरी?" म्हटलं, हो. "तुझ्या ताटातलं खाल्लं तरी?" म्हटलं, आई, रोज खातो, तुम्ही बघता. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. बऱ्याच वेळानं मी मोरीत गेले तर त्या पाटावर बसून माझं ताट चिंचेनं घासत होत्या. नेलपॉलिश चिंचेनं निघत नाही. मी आतून रिमूव्हरची बाटली आणून दिली. दोघी काही बोललो नाही.

त्या सव्वा वर्षात ताट वेगळं होतं, पण मोरीतल्या खुंटीला टांगलेलं नेलकटर सगळ्या घराचं एकच होतं. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. वेगळं करायचं ते नेलकटर, ब्लेड, टूथब्रश. आणि घरच्यांनी करायचं ते तपासणी आणि तीन डोस: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. ह्यांनी घेतले, दिरानं घेतले. ज्याचं लसीकरण झालंय त्यानं माझ्या ताटातच काय, माझ्या घासातला घास खावा.

पथ्य विचारलंत तर तेल-मीठ सोडून पाण्यातल्या भाज्या खायची गरज नाही. मी भरीत खाते, कळण्याची भाकरी खाते, शेवभाजीही कधीमधी. दारू मात्र कुणाही बी-वाल्यानं थेंबभरही घेऊ नये. आणि एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते आणि हा विषाणू एकत्र आले की लिव्हरच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. आपल्या घरात कूट कशात नसतो? मी दाणे निवडून घेते. काळपट, सुरकुतलेला, वासाचा दाणा फेकते. भाजल्यानं ते विष पुरतं जात नाही.

आधार कुठून मिळाला, हेही विचारता. 28 जुलै 2018 ला सरकारनं राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत, त्याआधी दर महिन्याचा खर्च आम्हाला जड जात होता. पण खरा आधार मिळाला तो त्या गोळ्यांच्या रांगेत. चोपड्याची एक, शिरपूरचा एक ड्रायव्हर, नवापूरकडची एक पोर. आम्ही एकमेकांचे रिपोर्ट वाचतो, कुणाची सोनोग्राफी राहिली असेल तर रागावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2022 मध्ये भारतात 2 कोटी 98 लाख माणसं या विषाणूसोबत जगत होती. मग आम्ही रांगेत दहाच जण का, हे मला टोचतं. बाकीच्यांना माहीतच नाही. अमिताभ बच्चन यांनी सांगितलं की 1982 च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना हाच आजार झाला आणि लिव्हरचा पाऊण भाग गेला. एवढं एक वाक्य टीव्हीवर ऐकून आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी तपासणी केली. मोठ्या माणसानं उघड बोलल्यानं आमच्यासारख्यांचं बोलणं सोपं झालं.

भावाच्या लग्नाच्या वेळी सगळे म्हणाले, सांगू नका, कुणाला कळतंय? भावानं पहिल्याच बैठकीत सांगितलं. ती सोयरीक मोडली. आई पुन्हा दोन दिवस जेवली नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलगी स्वतः म्हणाली, लस असते ना? तिनं तिन्ही डोस घेतले, प्रतिपिंडं तपासली, मग हळद लागली.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. अंगणात कडुनिंबाला झोका बांधला होता, घरात आमरस आणि खापराच्या पोळ्या. आई, वहिनी आणि मी एकाच परातीभोवती बसलो होतो. शेजारची काकू आली, तिच्या लेकीला दिवस गेलेत. ती आईच्या कानाशी लागली. आईनं हळू बोलायचं काही कारण नव्हतं, ती मोठ्यानंच म्हणाली, "तपासी ले, माय. पोरले टोचा, बस."

काकूनं विचारलं, तपासणीला उपाशीपोटी जावं लागतं का?

"नही," आई म्हणाली, आणि तिच्यापुढे पोळी ठेवली. "जेवीसन जाय."