दिवसा राम, रात्री कृष्ण

शनिवार, रात्रीचे साडेदहा

पाय भरून आलेत. टेबलावर एक लाकडी सीताफळ, दोन लाकडी केळी, नणंदेच्या लेकीसाठी घेतलेली भातुकली आणि अर्धं संपलेलं खाजं पडलंय. उरलेलं अर्धं बसमध्येच गेलं. बहुतेक माझ्याच पोटात.

म्हापशाहून सावंतवाडी म्हणजे काही प्रवास नव्हे. गोव्याची कदंबा बस किंवा आपली लाल एसटी, जी आधी मिळेल ती पकडायची. पत्रादेवी, बांदा, की झालं. रेल्वेच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. सावंतवाडी रोड स्टेशन आहे मळगावात, तिथून गावात यायला परत रिक्षा शोधा. सकाळी सासूबाई नऊच्या आधीच चप्पल घालून दारात उभ्या. त्यांचं माहेर कुडाळकडचं, त्यामुळे बांदा ओलांडलं की त्यांचा आवाज आपोआप दोन पट्ट्या चढतो. मी सांगलीची. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्यांची मालवणी मला अजून ऐंशी टक्केच कळते.

चितार आळीत शिरलो. तेच ते दृश्य, तरी दर वेळी पाय थांबतोच. दुकानाच्या दारावर लाकडी फळांचे घोस टांगलेले, खाली रंगीत पाट, भोवरे, पाळण्यावरची खेळणी, बैलगाड्या. ही फळं पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची करतात. हलकं, मऊ लाकूड. सीताफळ हातात घेतलं तेव्हा वजनच लागेना, पण एकेक डोळा निगुतीने कोरलेला. हिरवा रंग सगळीकडे सारखा नाही, देठापाशी थोडा पिवळट, खऱ्या सीताफळाला असतो तसा. सासूबाईंनी दुकानदाराला विचारलं, "हो आंबो पिकलेलो काय रे?" तो म्हणाला, "आजी, पाडाक लागलो आसा."

मग मी घासाघीस सुरू केली. फळांचे साडेचारशे सांगितले, मी साडेतीनशे म्हटलं, सवयच ती. शुक्रवारच्या म्हापसा बाजारात न घासाघीस करता काही घेतलं तर घरी यायची लाज वाटते. सासूबाई दुकानदारासमोरच म्हणाल्या, "शंभर रुपये वाचवन काय माडी बांधतलंस?" साडेचारशे दिले. नंतर दोन दुकानं सोडून तिसऱ्यात तशीच केळी स्वस्तात दिसली, पण रंग स्प्रेचा आणि देठ चिकटवलेला. कुठली विचारल्यावर तिथला मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, बाहेरून येतात.

तिथून मोती तलावाच्या काठाने राजवाड्याकडे. लाल चिऱ्याची इमारत, आवारात झाडं, आता तिथे राहायचीही सोय झाली आहे, त्यामुळे ट्रॉलीबॅगा ओढणारी माणसं दिसतात. आम्ही तिकीट काढून दरबार हॉलमध्ये गेलो. एका कडेला खाली बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, हाताने रंगवत होते.

मी याआधीही पाहिलंय. पण आज पहिल्यांदा अर्धा तास नुसती बसून राहिले. बांगडीएवढं गोल पान, त्यावर मासे. रंगवणारी मुलगी पंचविशीतली असेल. ब्रशला जेमतेम चार केस असतील. माशाच्या अंगावर खवल्यांच्या रेघा ओढताना ती श्वास रोखायची, रेघ संपली की सोडायची. तीन मासे झाले की पान बाजूला, मग दुसरं. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, परशुरामाला परशू. म्हणजे मत्स्याच्या एका रंगात एक ते दहा मिळून मासे झाले पंचावन्न. मी मनातल्या मनात बेरीज केली आणि साडेचारशेवरून केलेली घासाघीस आठवून गप्प बसले.

ही कला इथे जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या जाणत्या चिताऱ्याला राजवाड्यात बसवून ती पुन्हा सुरू केली. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या, पण स्वतः मांडी घालून पानं रंगवायला शिकल्या. २०१८ साली त्या गेल्या. सासूबाईंनी त्यांना एकदा लांबून पाहिलं होतं, आणि ती गोष्ट आज मला तिसऱ्यांदा ऐकायला मिळाली.

विक्रीच्या टेबलावर पूर्ण संच होता, रंगवलेल्या लाकडी पेटीत. किंमत ऐकून मी पेटी अलगद खाली ठेवली. शेजारी फ्रेम केलेली सुटी पानंही होती. सासूबाईंनी चष्मा पुसून फ्रेम पाहिली आणि म्हणाल्या, "इतके पैशे घालून लोक भिंतीक लावतत? पत्ते ते, खेळाचे." मग त्या मुलीकडे वळून, "खेळूक येता काय गो तुका?"

मुलगी हसली. "थोडा थोडा येता, आजी."

आणि ब्रश ठेवून तिने सांगितलं. पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, मग उतरत एक्का सगळ्यांत लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंत उलटं, एक्का मोठा आणि दश्शी लहान. डाव दिवसा मांडला तर ज्याच्या हातात रामाचा राजा तो सुरुवात करणार. दिवेलागणीनंतर मांडला तर कृष्णाचा. मला हे इतकं आवडलं की तिथेच बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं. पत्त्यांच्या खेळाला बाहेर ऊन आहे की अंधार हे ठाऊक असणं म्हणजे कमाल आहे.

मला फ्रेमचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. हॉलमध्ये सोफ्याच्या वर जागाही हेरली होती. सासूबाईंच्या त्या वाक्यानंतर घ्यावीशी वाटेना.

जेवायला बसलो तेव्हा दोन वाजले होते. शनिवार, म्हणून त्यांना शिवराक, म्हणजे शाकाहारी. मला कोंबडी चालली असती, पण एकटीने कसली खायची. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे आणि सोलकढी. सांबाऱ्यात खोबरं आणि कांदा नीट काळपट होईपर्यंत भाजलेला होता. घरी मी घाई करते आणि रंग येत नाही, हे सासूबाईंनी न बोलता, फक्त माझ्याकडे एकदा बघून सांगितलं. वड्यांत मेथी जाणवत होती. दुसऱ्या सोलकढीचे पैसे वेगळे लावले.

तिथून कुडाळजवळच्या पिंगुळीला जायचं होतं, जमलं नाही. मागच्या वर्षी गेलो होतो. गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं ठाकर समाजाचं कलांगण आहे ते. चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सासूबाईंनी लहानपणी देवळात रात्री बाहुल्यांचा खेळ पाहिलाय. म्हणजे पाहायला बसल्या आणि रावण यायच्या आत झोपल्या. दर वेळी.

घरी आलो आठला. मला वाटलं झोपतील. पाहते तर त्यांनी कपाटातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला, पानसुपारीची वाटी उपडी ठेवून गोल आखले आणि कात्री माझ्या हातात दिली. आत्तापर्यंत तेवीस पानं झालीत. मत्स्य त्यांनी स्वतःकडे घेतला. त्यांचे सगळे मासे बांगडे आहेत, पाठीवर पट्टे आणि शेपटीला खाच. शनिवारी बांगडा चालतो का विचारलं तर म्हणाल्या, चित्रातला चालतो. कृष्णाला मी गाय काढते आहे, ती म्हशीसारखी दिसते. रामाचा राजा मात्र अजून झालेला नाही, धनुष्य जमेना. त्यामुळे डाव मांडायचा तर रात्रीच मांडावा लागेल.