उणे २२

दुपारी वीज गेली म्हणून पेपरची घडी करून वारा घेत बसलो होतो. हात मागंपुढं होत होता तशी आतल्या पानावरची एक चौकट नाकासमोर येत-जात होती. उजनी उणे २२ टक्के. चौथ्या-पाचव्या फेरीला ती नीट वाचली गेली आणि वारा घ्यायचा राहूनच गेला.

ही माझी जुनी खोड. मे महिन्यात मी राशिभविष्याच्या आधी भीमेवरच्या उजनी धरणातल्या पाण्याचा आकडा बघतो. भीमेकडच्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही. तिकडं लग्नाच्या मांडवात दोन माणसं शेजारी बसली, की पहिलं “पोरं काय करतात?” आणि दुसरं “किती राह्यलंय?” काय राहिलंय ते कुणी विचारत नाही. उत्तर टक्क्यांत येतं.

शाळेत ऋण संख्या शिकवताना आमचे सर म्हणायचे, “टोपलीत पाच आंबे असले तर सात काढता येतात का? नाही ना? पण गणितात येतात.” सरांनी उजनी धरण बघितलं नव्हतं. एकूण ११७ टीएमसीचं, म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं धरण, त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास पाणी मृतसाठा म्हणून धरलेलं. वरचं ५४ संपलं की शून्य टक्के. मग खालच्याला हात घालायचा आणि उणे म्हणायचं. गंमत अशी, की टक्के त्या वरच्या ५४ वरच काढायचे, म्हणजे नुसत्या हिशेबाने उणे शंभराच्याही खाली उतरता येतं. हे मी एकदा सासऱ्यांना भर पंगतीत समजावून सांगितलं होतं. त्यांचा भात गार झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे साठाला टेकला तेव्हा मात्र त्यांचाच फोन आला, “अहो, तुमची ती टोपली काय म्हणतेय?”

आमच्या लहानपणी आकडा खाली गेला, की फिरणं सुरू व्हायचं. सहल हा शब्द शाळेतला, त्याला पत्रक आणि पालकांची सही लागते. मामा नुसता म्हणायचा, “चला, जाऊन येऊ.” कुठं ते सांगायचा नाही, कारण बहुतेक त्यालाही ठरवायचं असायचं. आजोळ इंदापूर तालुक्यात, त्यामुळं कुठंही निघालं तरी शेवटी पाण्यापाशीच जायचं. मामी पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. ती स्वतः कधी आली नाही. “मला काय बघायचंय तिथं,” म्हणायची आणि फडकं झटकून आत जायची.

सिद्धटेकला आम्ही होडीनं गेलेलो आहोत. आता पूल आहे, गाडी थेट देवळापाशी जाते. तेव्हा शिरापूरच्या काठावर उभं राहून पलीकडं हाका माराव्या लागायच्या आणि होडीवाला जेवत असला तर जेवण होईपर्यंत थांबावं लागायचं. देऊळ अहिल्याबाईंनी बांधलेलं, गणपती उजव्या सोंडेचा, प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला. हे सगळं मामानं सांगितलं असणारच. मला आठवतो तो होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात फिरणारा एक चिमुकला मासा. उतरताना त्याला ओंजळीत धरून नदीत सोडायचा होता, तेवढ्यात मामानं दंडाला धरून उचलून काठावर ठेवलं. त्या माशाचं पुढं काय झालं, ही रुखरुख अजून आहे.

भिगवण-डिकसळकडं जायचं ते पक्ष्यांसाठी. म्हणजे मामा जायचा चिलापी माशासाठी, पक्षी आमच्यासाठी. डिकसळचा पूल इंग्रजांनी आगगाडीसाठी बांधला होता. धरण झालं, रूळ दुसरीकडून गेले आणि पूल एसटी-ट्रॅक्टरच्या कामाला आला. पाणी उतरलं की काठाला मैलभर गाळ उघडा पडतो. त्या गाळाच्या कडेला गुडघाभर पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे असायचे, डोकं उलटं करून चोचीनं चिखल गाळत. एवढा देखणा पक्षी आणि जेवायची तऱ्हा अशी, जणू चष्मा सांडलाय आणि तो शोधतोय. मे निम्मा झाला की बहुतेक निघून गेलेले असत, चुकार दहा-वीस मागं राहिलेले. आम्ही ते मोजायचो आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा, त्यावरून भांडणं. नदीसुरय मात्र असायचे. उघड्या पडलेल्या बेटावर नुसत्या वाळूत अंडी घालून बसणारा हा पक्षी, जवळ गेलं की टाळक्यावर झेपावतो. मामाच्या टोपीवर दोनदा झेपावला. मामा म्हणाला, “बरोबर आहे, त्याचं घर आहे ते.”

उघड्या पडलेल्या जमिनीवर तिकडं गाळपेर करतात. मका, कडवळ, जे लवकर हाताशी येईल ते. पाऊस लवकर आला तर पीक पाण्यात, उशिरा आला तर वर मोटारी कोरड्या. उसाला पाणी हवं म्हणून माणसं मागं सरकणाऱ्या पाण्यापाठोपाठ पाइप वाढवत जातात, तेही पुरलं नाही की जेसीबीनं चारी खोदतात. लांबून बघितलं तर वाटावं, धरणाला सलाइन लावलंय. लावलंय तसं नाहीच म्हणा, काढून घेतायत.

आणि पळसदेव. पाणी असलं की तळ्याच्या मधोमध नुसतं शिखराचं टोक दिसायचं, त्यावर एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला. होडी शिखराजवळून गेली, की मामा हात जोडायचा आणि आम्ही खाली वाकून पाण्यात बाकीचं देऊळ दिसतंय का बघायचो. एका दुष्काळी वर्षी चालत गेलो. दगडी खांब, कोरीव भिंती, आवारात वीरगळ, सगळ्यावर पाण्याच्या रेघा. गाभाऱ्यात ओला, माशांचा वास. मला ते देवाचं घर वाटलंच नाही, परगावी गेलेल्या माणसाचं कुलूप काढून आत शिरल्यासारखं वाटलं. दगडावर हात फिरवला तर शिंपले हाताला लागले.

पळसदेव हे मामीचं माहेर. हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. तिचं माहेर म्हणजे हमरस्त्यावरचं नवं गावठाण, पत्र्याची शेड आणि समोर चहाची टपरी, असंच मी धरून चाललो होतो. धरण पुरं झालं १९८० साली. मामीचं लग्न त्याच्या थोडं आधीचं. म्हणजे सासरी रुळेपर्यंत माहेर पाण्याखाली.

मामा गेल्यावर, त्या उणे साठाच्या वर्षी, तीच म्हणाली, “चल, जाऊन येऊ.”

देवळाशी जत्रा भरली होती. गाड्या, ड्रोन, कुल्फी. मामीनं लांबूनच नमस्कार केला आणि पदर डोक्यावर घेऊन उलट्या दिशेनं चालायला लागली, तडकलेल्या गाळातून, चप्पल हातात घेऊन. मी मागं. मध्येच थांबायची, देवळाकडं बघायची, परत चालायची. “हितं चिंच व्हती.” चिंच नव्हती. “हितनं वढ्याला वाट.” ओढाही नव्हता. मग दगडांच्या दोन-तीन ओळी लागल्या, जोत्यांच्या. त्यातल्या एकीपाशी ती थांबली आणि मी मनातल्या मनात रुमाल शोधायला लागलो.

मामी रडली नाही. तिनं एका दगडाला टाच लावली आणि पावलाला पाऊल जोडत पलीकडच्या ओळीपर्यंत मोजत गेली. परत आली. पुन्हा मोजलं.

“बघ,” ती म्हणाली. “भिताड त्यांनी हातभर आत घेतलं व्हतं. आबा जन्मभर सांगत व्हते. कुणी ऐकलं न्हाई. काढ फोटू.”

मी फोटो काढला. तिनं भावाला पाठवायला लावला. फोटोत नुसता चिखल, दगडांची रेघ आणि मामीचं पाऊल. ज्यांनी भिंत सरकवली ते शेजारी कुठल्या गावठाणात गेले, आहेत की नाहीत, हे तिलाही सांगता येईना. तरी परत येताना ती कुल्फी खाऊन खुशीत होती.

वीज आली. पंखा सुरू झाला तशी पेपरची पानं उडाली. ती गोळा केली आणि मामीला फोन लावला.

“किती राह्यलंय?” तिनं विचारलं.

“उणे बावीस.”

“मग भिताड दिसायचं न्हाई अजून,” ती म्हणाली.