टाकीचा प्रेशर सेन्सर बदलायच्या आधी

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर उत्तर. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर फ्युएल टँक प्रेशर सेन्सरचा कोड आलाय, गाडी मात्र नेहमीसारखी चालतेय, सेन्सर बदलून टाकू का?

लगेच नको. कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं म्हणजे सेन्सरच गेलाय असं नाही. सिग्नलच्या वायरवर आलेलं व्होल्टेज ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पटलं नाही, एवढंच कोड सांगतो. ते का पटलं नाही, हे आपणच शोधायचं असतं. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर टाकीच्या डोक्यावर बसवलेला असतो, म्हणजे तो काढायचा तर टाकीच खाली घ्यावी लागते. एवढा खटाटोप करून नवा सेन्सर बसवायचा आणि दोन दिवसांनी तोच दिवा परत पेटायचा, हे टाळता येतं.

आधी सेन्सरचं काम काय ते पाहू. पेट्रोलची वाफ हवेत सुटू नये म्हणून टाकी, वाफ शोषून धरणारा कोळशाचा कॅनिस्टर, ती वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह आणि बाहेरची हवा आत घेणारा व्हेंट व्हॉल्व्ह मिळून एक बंदिस्त यंत्रणा केलेली असते. ईसीएम अधूनमधून व्हेंट बंद करतो, टाकीत हलका व्हॅक्यूम तयार करतो आणि तो टिकतो का ते पाहतो. नाही टिकला तर कुठेतरी गळती आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाची गळतीसुद्धा यात पकडायची असते, म्हणून सेन्सर फार नाजूक असतो. अनेक गाड्यांत त्याची झेप शून्याच्या खाली-वर साधारण साडेतीन किलोपास्कलच, म्हणजे जेमतेम ३५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कोड वाचलात की लगेच पुसू नका. आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाची स्कॅनरवर दिसणारी नोंद, लिहून घ्या: टाकीत पेट्रोल किती होतं, गाडी थंड होती की तापलेली. पी०४५२ म्हणजे सिग्नल प्रमाणापेक्षा खाली, पी०४५३ म्हणजे वर, पी०४५४ म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतोय. पी०४५१ असेल तर सर्किट ठीक दिसतंय, पण रीडिंगचा मेळ लागत नाही. आणि कोड पी०४४२, पी०४५५ किंवा पी०४५६ असेल, तर तो गळतीचा कोड आहे. तिथे सेन्सरला हात लावू नका, आधी झाकणाचा रबर आणि होसपाइप तपासा.

मग सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी. टाकीचं झाकण काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर टाकीचा दाब पाहा. झाकण उघडं आहे म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा, तेव्हा रीडिंग शून्याच्या आसपासच हवं. त्या वेळचं व्होल्टेज कंपनीनुसार बदलतं, कुठे दीड व्होल्टच्या आसपास, कुठे अडीचच्या. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. काही गाड्या निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, दाखवतात, त्यात समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कलच्या जवळपास आकडा येतो. तो स्कॅनरवरच्या बॅरोमेट्रिक, म्हणजे बाहेरच्या हवेच्या, दाबाच्या रीडिंगशी ताडून पाहा. उघड्या टाकीवरही रीडिंग भलतंच असेल, तर दोष सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. उघड्या टाकीवर बरोबर आणि झाकण लावून इंजिन चालवल्यावर बिघडत असेल, तर सेन्सर बहुधा खरं बोलतोय.

आता वायरिंग. सेन्सरला सहसा तीन वायरी असतात: ईसीएमकडून येणारा पाच व्होल्टचा पुरवठा म्हणजे रेफरन्स, ग्राउंड आणि सिग्नल. टेस्ट लँप वापरू नका, डिजिटल मल्टीमीटरच घ्या. रेफरन्सवर ४.९ ते ५.१ व्होल्ट मिळायला हवेत. कनेक्टर जोडलेला असताना ग्राउंडची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये ०.१ व्होल्टपेक्षा कमी यायला हवं. ग्राउंडकडे फार जणांचं लक्ष जात नाही. ग्राउंड तुटला की सिग्नल वर चढतो आणि पी०४५३ येतो, मग चांगला सेन्सर उगाच कचऱ्यात जातो.

कोड पी०४५२ असेल तर कनेक्टर काढा आणि हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या, बाजूला फ्यूज असलेल्या जंपर वायरने रेफरन्स सिग्नलला जोडा. रीडिंग टोकाला गेलं तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, संशय सेन्सरवर. जागचं हललं नाही तर वायर तुटलीय किंवा शॉर्ट झालीय. पी०४५३ असेल तर सिग्नल सेन्सरच्याच ग्राउंडला जोडा. रीडिंग खाली यायला हवं. रेफरन्स मात्र चुकूनही ग्राउंडला टेकवू नका, तीच पाच व्होल्टची लाइन बाकीच्या सेन्सरनाही जात असू शकते. कनेक्टर हातात आहे तोवर पिना उजेडात नीट पाहा. हिरवट गंज, ओल, मागे सरकलेली पिन, असं काही दिसतं का? टाकीवरून जाणारी वायर पत्र्याला घासून सोललेली असते, ती स्कॅनरवर ग्राफ लावून हलवून पाहा. ग्राफ उडाला की जागा सापडली.

पी०४५१ला मात्र सेन्सर प्रत्यक्ष दाब देऊनच तपासावा लागतो आणि तिथे हातपंपाने घात होतो. पंपाच्या गेजवरचा एक इंच पारा म्हणजे जवळपास ३.४ किलोपास्कल, म्हणजे सेन्सरची सगळी झेप एका इंचातच संपते. सुई थोडी जास्त हलली की आतला पडदा कायमचा बिघडू शकतो. त्यापेक्षा पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पाणी भरा. टी जॉइंटची एक तोटी सेन्सरच्या निप्पलला, दुसरी या नळीच्या एका टोकाला, तिसरी २० मिलीच्या सिरिंजला. नळीचं दुसरं टोक उघडं राहू द्या. सेन्सर नळीपेक्षा उंच धरा, पाणी आत जाता कामा नये. कनेक्टर जोडून ठेवा, इग्निशन ऑन ठेवा आणि दट्ट्या अगदी हळू ओढा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटरचा फरक पडला की रीडिंग उणे एक किलोपास्कलजवळ हवं, २० सेंटिमीटरला उणे दोनजवळ. मिनिटभर थांबा. पाणी स्थिर असताना रीडिंग सरकत असेल, किंवा नळी सोडल्यावर शून्यावर परतत नसेल, तर सेन्सर गेला. पण त्याआधी सेन्सरवरचं हवेचं बारीक छिद्र पाहा. ते चिखलाने बुजलं की चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो.

सेन्सर पास झाला आणि टाकीत खरोखरच जास्त व्हॅक्यूम असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो किंवा व्हेंटचा फिल्टर धुळीने चोंदलेला असतो. झाकण उघडताना जोरात फुस्स आवाज येणं ही त्याचीच खूण. टाकी काठोकाठ भरून घ्यायची सवयही यात भर घालते: पंपाचं नोझल आपोआप बंद झाल्यावरही पेट्रोल ओतत राहिलं तर ते वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा भिजतो.

सेन्सर बदलायचाच ठरला तर काम मोकळ्या हवेत करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, टाकीत पेट्रोल पाव भागाच्या आत ठेवा. रबरी ग्रोमेट किंवा ओ-रिंग नवीच लावा; जुनी ठेवली तर सेन्सर नवा आणि गळतीचा कोडही नवा. मगच कोड पुसा. गळतीची चाचणी गाडी स्वतःच्या सवडीने करते: बहुधा रात्रभर थंड झालेली गाडी लागते आणि टाकीत १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान पेट्रोल. दिवा विझलाय यावर जाऊ नका. स्कॅनरवर इव्हॅप मॉनिटर, म्हणजे हीच चाचणी, पूर्ण झालेला दिसायला हवा, त्यानंतर कोड पुन्हा वाचा.