मामांची होडी वर काढली

आज दिवसभर उजनी धरणाच्या काठावर, माढा तालुक्यात मामांकडे होतो. पावसाळा हा माशांचा अंडी घालायचा काळ, शिवाय भीमेला वरून पाणी सुटलं की लाटा आवरत नाहीत. म्हणून होडी आता वर घेतली. धरण मृतसाठ्यात गेलंय, पाणी लांब मागं सरलंय. गाळातून ओढायला अख्खी वस्ती लागली.

बुडाचं शेवाळ खरवडून झालं, लाकूड वाळलं, की मामा प्रत्येक फळीच्या जोडावरून अंगठा फिरवत गेले. जिथं अंगठा अडला तिथलं जुनं डांबर उकरलं, कापसाची वात ठासून भरली आणि वरून गरम डांबर ओढलं. इथं घाई चालत नाही. लाकूड आतून ओलं असेल तर डांबर धरतच नाही. मग होडी दगडांवर पालथी घातली, खालून वारा खेळावा म्हणून, नाहीतर वाळवी ठरलेली.

नायलॉनची जाळी धुऊन सावलीत उंच टांगली. उन्हानं धागा कमजोर होतो आणि खाली ठेवली तर उंदीर सोडत नाहीत.

चिलापीचं कालवण आणि कडक भाकरी खाताना मामा म्हणाले, "हिनं घर चालवलं आमचं. हिला आता निवांत पडू दे." मामेबहिणीची कॉलेजची फी याच होडीवर भरली जाते.

कुणाकडं वापरात नसलेली चांगली ताडपत्री असेल तर कळवा, पाऊस यायच्या आत हवी आहे.